पाच घरांचं पीठ

देव नाही, हे मी तीस वर्षं वर्गात, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ठणकावून सांगत आलोय. शिव्याही खाल्ल्यात. आणि माझ्यासारख्याला आईनं काय सांगावं? म्हणे, मोहरमात फकीर हो!

सहा वर्षांचा असताना मी तापानं फणफणलो होतो. तेव्हा आई शुक्रवार पेठेतल्या मोहरमाच्या पंजांपुढं नवस बोलली, पोरगं वाचलं तर पाच वर्षं फकीर करीन. म्हणजे गळ्यात हिरवा दोरा बांधून पाच घरी पीठ मागायचं. तेव्हा हिंदूंची कितीतरी पोरं अशी फकीर व्हायची. मी चार वर्षं झालो, पाचव्या वर्षी लाजून पळालो. आता आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, नेमकं मोहरमातच, आणि ती हटून बसली.

"एक वर्स राहिलंय की रे. ते फेडल्याबिगर मी न्हाय जायची."

डॉक्टर थांबायला तयार नव्हते. म्हटलं, बरं बाई, होतो.

दोरा बांधला आणि कॉलरचं वरचं बटण लावून टाकलं. देवाला कधी भ्यालो नाही मी, पण गल्लीत पाऊल टाकलं आणि माणसांना भ्यालो. जायचं कुणाच्या दारात? या घरातला फोटो काढून ग्रुपवर टाकेल, त्या घरातले उद्यापासून बोलणंच सोडतील. लहानपणी जिथं हक्कानं उभा राहायचो, त्याच दारांवरून मान खाली घालून दोनदा गेलो. शेवटी दुकानातून जवारीचं पीठ विकत घेतलं आणि घरी आलो.

"पाच घरचं हाय न्हवं?" आईनं विचारलं.

"व्हय," म्हणालो. त्या पिठाची भाकरी तिनं डोळे मिटून खाल्ली. दुसऱ्या दिवशी निर्धास्त ऑपरेशनला आत गेली.

दोन तास सांगितले होते, चार झाले. आतून कुणी येईना. नवसाबिवसानं काही होत नसतं, अजूनही तेच म्हणतो. पण ती माझ्या खोट्यावर विसंबून आत गेली होती. हलकटा, आईला फसवलंस! 

समोरच्या बाकावर एक अनोळखी बाई जेवणाचा डबा उघडून बसली होती. मी उठलो आणि तिच्यापुढं ओंजळ धरली.

"भाकरीचा तुकडा द्या. नवसाचा फकीर हाय मी, पाच घरं मागायचीत."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "आत कोण हाय?"

"आई," म्हणालो, आणि मला रडू फुटलं. तिनं अर्धी भाकरी हातावर ठेवली. अजून चार घरं राहिली होती. मी पुढच्या बाकाकडं वळलो.