कात्री पेटीत आहे

नाना एका कारखान्यात सेफ्टी इन्स्पेक्टर होते. प्रथमोपचाराच्या पेट्या तपासणं हे त्यांचं काम, आणि तीस वर्षांत त्यांच्या विभागातली एकही पेटी कधी अपुरी सापडली नाही. तिथे कुणाला लागत नव्हतं, अशातला भाग नाही. रोज लागायचं. पण पेटीतली एक पट्टी काढली की नाना तीन पानी लेखी खुलासा मागत. त्यापेक्षा बोटाला मशीन पुसायचं फडकं गुंडाळलेलं बरं, असं कामगारांनी ठरवून टाकलं होतं. या कामगिरीबद्दल निवृत्तीच्या दिवशी नानांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

आता घरात ते घड्याळ बघत बसायचे. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. गॅस कधी संपला हेसुद्धा त्यांना सिलिंडर बदलल्यावर कळे. आपल्यावाचून या घराचं अडतं, हे एकदा तरी दिसायला हवं होतं. म्हणून त्यांनी पेटी करायला घेतली.

आठवडाभर घराचं औषधाचं दुकान झालं. कापूस, गॉज, पट्ट्या, चिकटपट्टी, जंतुनाशक, भाजल्यावरचं मलम, चिमटा, कात्री. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, झाकणाच्या आत यादी. शेवटी कडीत कारखान्यातलं प्लास्टिकचं सील ओवलं. कापल्याशिवाय निघत नाही, असलं.

"सील कशाला?" बायकोने विचारलं.

"कुणी उगाच हात लावू नये म्हणून."

"आणि लागलं तर?"

"तेव्हा लावायचा. रीतसर."

"अर्ज दोन प्रतींत द्यायचा का, बाबा?" सुनेने गंभीर चेहऱ्याने विचारलं. नानांना तो प्रश्न रास्त वाटला.

रविवारी डबा उघडताना पत्र्याच्या झाकणाने बायकोचा तळवा चिरला. रक्त ओट्यावर टपकलं. नाना उठले ते थेट स्टुलावर. या क्षणासाठीच ते जगत होते. कपाटावरची पेटी खाली आली, चष्मा चढला.

"कात्री द्या कुणीतरी. सील कापायचंय."

"कात्री पेटीत आहे," सून म्हणाली.

"ती पेटीतली. घरातली द्या."

"अहो, घरातलीच तर तुम्ही नेलीत पेटीत घालायला," बायको नळाखाली हात धरून म्हणाली. "नवी कशाला आणायची, म्हणालात."

नानांनी सुरी घेतली. सील कारखान्याचं होतं, त्याला काही झालं नाही. नानांच्या अंगठ्याला झालं.

एव्हाना बायकोने तळव्यावर स्वच्छ रुमाल घट्ट दाबून हात वर धरला होता. तीस वर्षं संसार करताना तिने सगळ्यांच्या जखमा अशाच थांबवल्या होत्या, विनासील. सुनेने पक्कड आणली, सील तोडलं आणि नानांना खुर्चीत बसवलं. सासूचं रक्त थांबत आलं होतं, सासऱ्यांचं जोरात होतं. त्यामुळे पेटीतली पहिली पट्टी नानांनाच लागली.

ती पेटी आता ओट्याखाली उघडीच असते. कात्री बाहेर, खिळ्याला.

त्या रविवारी संध्याकाळीच बायकोने पेटीत डोकावून पाहिलं होतं. "एक पट्टी कमी आहे. खुलासा कधी लिहिताय?"

नानांनी गुंडाळलेला अंगठा वर केला. "पेन धरता येत नाही."

"मग तुमचे कामगार कसे धरायचे?"

नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पट्ट्यांचं आणखी एक पाकीट आणून ठेवतो उद्या. संपल्या तर संपल्या."