हट्ट्याच्या शांताबाई

इस्टर झाल्यावर हट्ट्याला जायचं ठरलं ते सुवार्तामुळे. ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. हिंगोली जिल्ह्यातल्या हट्टा गावात ती नर्स होती आणि रविवारी तिच्या घरी पाचसहा माणसं प्रार्थनेला जमत. साल २००६. आदल्या वर्षी कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला होता.

फोनवर ती म्हणाली, "इथे शांताबाई आहेत. तुझ्यासारखंच ऑपरेशन झालंय. प्रार्थनेला येतात, पण कुणाशी बोलत नाहीत. येतेस का?"

मला ते फारसं रुचलं नाही. जालन्याच्या आमच्या चर्चमध्ये वर्षभर माझ्यासाठी प्रार्थना होत होती, पण उपासना संपली की बायका दुरूनच हसून निघून जात. आता परगावी जाऊन, देवाने मला कसं वाचवलं याची चारचौघांत साक्ष द्यायची, हे नकोसं वाटलं. तरी मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, म्हणून गेले.

परभणीपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. जाणार असाल तर सकाळचीच गाडी धरा, एप्रिलात दुपारी बसचा पत्रा फार तापतो. खर्च किरकोळ. पाणी मात्र परभणीतच भरून घ्या. हट्टा जवळ आलं तसा उकडलेल्या हळदीचा वास यायला लागला. गावाबाहेरच्या खळ्यांवर हळद वाळत घातली होती.

रविवारी संध्याकाळी सुवार्ताने शंकेखोर शिष्याची गोष्ट सांगितली. जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या त्या शिष्याला, मरणातून उठलेल्या येशूने आपल्या हातांवरच्या आणि कुशीतल्या जखमा दाखवल्या. मग मी बोलले. देवाने मला कसं तारलं वगैरे, पाठ केल्यासारखं. शांताबाई कोपऱ्यात पदर घट्ट लपेटून ऐकत होत्या. पन्नाशीच्या, शेतकरी घरातल्या.

बाकीचे गेल्यावर त्या दारापाशी थांबल्या.

"बाई, तुमचं खरं असंल. पण एक विचारू? पोलक्यात काय घालता तुमी?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

"मी चिंध्यांचं बोचकं घालते," त्या म्हणाल्या. "खळ्यावर हळद निवडायला वाकले अन् बायांसमोर खाली पडलं. तवापासून जात न्हाई. सून म्हणते, काहून घरात बसून राहिल्या? तिला काय सांगू?"

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि ब्लाउजची बटणं काढली. नवऱ्यालाही मी ती जागा दाखवली नव्हती. शांताबाईंनी वणावरून हलकेच बोट फिरवलं.

"माझा याच्यापरीस लांब हाय," म्हणाल्या, आणि त्यांनीही पदर बाजूला केला.

"दुखतं का अजून?" मी विचारलं.

"थंडीत. हात वर न्हाई जात."

"माझाही नाही जात."

त्या रडल्या. थोड्या वेळाने मीही. स्वयंपाकघरात सुवार्ता भाकरी थापत होती, तिने आम्हाला हाक मारली नाही.

मी सुती कापडाच्या पिशवीत मोहरी भरून वापरत असे. वजन सारखं राहतं, वाकलं तरी हलत नाही. तशीच एक त्यांच्यासाठी शिवली, पोलक्याला आतून टाचून दिली. सकाळी त्यांच्याबरोबर खळ्यावर गेले. एका बाईने विचारलं, "आल्या का?" "व्हय, आले," म्हणून शांताबाई वाकून हळद निवडायला लागल्या. बाकी काही घडलं नाही. मी उन्हात बसून दशमी खाल्ली आणि दुपारच्या एसटीने निघाले.

शिष्याची ती गोष्ट मी लहानपणापासून अविश्वासाची म्हणून ऐकली होती. परतताना वाटलं, येशू उठला तरी त्याच्या जखमा पुसल्या गेल्या नाहीत, आणि त्याच्या माणसांनी त्याला ओळखलं ते त्या जखमांवरूनच. यापलीकडचा अर्थ मला लावता येत नाही.

शांताबाईंचं दुखणं दोन वर्षांनी उलटलं आणि त्या गेल्या. सुवार्ताने फोनवर सांगितलं, अगदी शेवटपर्यंत शेतात जात होत्या.

तोवर माझ्या तपासण्या चालूच होत्या. हट्ट्याहून आल्यावर पहिल्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा तिथल्या बाकावर एक तरुण बाई छातीशी पिशवी धरून एकटीच बसली होती. पूर्वी मी अशा बायांपासून नजर चुकवायचे. त्या दिवशी शेजारी जाऊन बसले आणि तिचं गाव विचारलं.