शर्यतीच्या मैदानावरची मशीन्स आणि आमचा वॉल्ट

आमदाराच्या ऑफिसात फोन उचलणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत, तेच तिला शोधत येतात. डॉट-कॉम कंपन्या बुडाल्या तसा माझा प्रोग्रामिंगचा जॉब गेला. ग्रीन कार्ड होतं, म्हणून ॲन आर्बरहून तासभर ड्राइव्ह करून राज्याच्या राजधानीत वॉल्ट नावाच्या आमदाराकडे लागले. तेव्हा एक बिल गाजत होतं: घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांवर जुगाराची स्लॉट मशीन्स लावू द्यायची की नाही.

*

शर्यतवाल्यांचा लॉबिस्ट, म्हणजे आमदारांकडे त्यांची वकिली करणारा पगारी माणूस, डॅन. वॉल्टच्या प्रत्येक निवडणुकीला त्यानं देणग्या मिळवून दिलेल्या. पहिल्याच भेटीत त्यानं मला विचारलं, "सासूबाईंचा गुडघा कसा आहे आता?"

ऑपरेशन नागपुरात झालं होतं. त्याला कुणी सांगितलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

*

बिलाच्या विरोधात एक पाद्री आले. जुगाराविरुद्धची त्यांची पत्रकं चांगली गुळगुळीत, रंगीत. छपाई कुणी करून दिली विचारलं, तर म्हणाले, शहरातल्या एका कॅसिनोनं. मैदानांवर मशीन्स आली असती तर कॅसिनोचं गिऱ्हाईक तुटलं असतं ना.

पाद्री शांतपणे म्हणाले, "देव कुणाच्याही हातून काम करून घेतो."

कॅसिनोची देणगी वॉल्टकडेही येत होतीच म्हणा.

*

सासरे निवृत्त तहसीलदार. नागपूरहून आले होते, तेव्हा त्यांना सभागृह दाखवायला नेलं. कुणी कुठल्या आमदाराला किती देणगी दिली हे इथे इंटरनेटवर कुणालाही बघता येतं, असं मी जरा अभिमानानंच सांगितलं. बाबांनी गॅलरीतून खालच्या आमदारांकडे वाकून बघितलं.

"आमच्याकडे निदान लाजतात तरी," ते म्हणाले.

*

मतदानाच्या आदल्या दिवशी डार्लीन आली. वॉल्टच्याच मतदारसंघातली. नवरा जुगारात राहतं घर घालवून बसला होता आणि ती मुलांना घेऊन बहिणीकडे राहत होती. रडली नाही. तुम्ही तरी या बिलाला हो म्हणू नका, एवढंच तिनं मागितलं. वॉल्टनं तिचा हात धरून शब्द दिला.

ती गेली आणि डॅन आला. त्याचं मागणं त्याहून लहान होतं: निदान नाही तरी म्हणू नकोस. वॉल्टनं त्यालाही शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी मतदान पुकारलं, तेव्हा वॉल्ट खाली कँटीनमध्ये सूप घेत बसला होता. मी धावत बोलवायला गेले.

"गरम आहे गं," म्हणाला, आणि चमच्यावर फुंकर घालत राहिला.

बिल पास झालं.

दुपारी डार्लीनचा फोन आला. "त्यांनी हो म्हटलं का?"

"नाही."

"देव त्यांचं भलं करो."

फोन ठेवते तोच डॅनचा आला. "वॉल्टनं नाही म्हटलं का?"

"नाही."

"त्याला माझं थँक यू सांग."