अप्पांची मुरलेली बॅटरी

मोटारस्टँडवरचे किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. मोटार बंद पडली की माणसं खाली उतरतात, खाली उतरली की बोलायला लागतात, आणि आमची मोटार तर दिवसाआड बंद पडायची! आता ती मोटार गेली, निजामाचं राज्यही गेलं, पण चार जुनी माणसं चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "नामदेवा, ते बॅटरीचं सांग की."

तर ऐका.

मी बीडला अप्पांच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. अप्पा चौसाळ्याचे लिंगायत व्यापारी, घरचा धंदा भुसाराचा. दुकानातला आपला हिस्सा भावांना देऊन त्यांनी मोटार घेतली आणि बीड ते चौसाळा चालू केली. भावांनी निघताना एवढंच ऐकवलं, "मोटार बसली की ये परत. तराजू हाय हितंच." अप्पांना बाकी सगळं चाललं असतं, पण खाली मान घालून त्या तराजूमागं जाऊन बसणं नको होतं.

आणि ते सगळं अडकलेलं असायचं वर्षातल्या एका दिवसावर. त्या दिवशी सरकारी साहेब मोटारी तपासायचा. त्याला आम्ही 'पास' म्हणायचो. पास झाली तर वर्षभर रस्ता आपला. नापास झाली तर अप्पा तराजूमागं आणि मी बैलांमागं!

अप्पांची एक सवय आधीच सांगून ठेवतो. रोज सकाळी कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढले की बोटांना उरलेलं भस्म ते मोटारीला लावायचे. आधी स्टेअरिंगला, मग माझ्या पायाखालची फळी उचलून बॅटरीला. तिलाही तीन पट्टे! देवाचं झाल्याशिवाय मोटार चालू करायचा खटका दाबायचा नाही, असा नियमच होता.

*

जुनी बॅटरी म्हातारी झाली होती. खटका दाबला की नुसतं 'टक्' व्हायचं. हँडल मारून माझे खांदे उतरले. मग मी युक्ती काढली. मोटार थांबवायची ती उतारावरच! म्हणजे ब्रेक सोडला, गाडी घरंगळली, गिअर टाकला की चालू.

त्यामुळं आमचे थांबे गावावर नव्हते, उतारावर होते. पालीचा घाट आम्हाला फार सोयीचा. चौसाळ्यात मात्र उतार गावाच्या बाहेर, नाल्याजवळ.

एकदा एक म्हातारी मागून ओरडली, "आरं, माजं घर मागं ऱ्हायलं! थांबीवलं कावून न्हाई?"

म्हटलं, "मावशी, तुमच्या दारात उतार न्हाई."

म्हातारी नाल्याजवळ उतरली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालत घरी गेली. पुढच्या आठवड्यात बघतो तर तिच्या दारापुढं मुरमाचा हा ढीग! पोराला हाताशी धरून तिनं रस्त्यावर चढ बांधायला घेतला होता. मला बघून म्हणाली, "एवढा पुरंल का, का आजून टाकू?"

*

त्या बॅटरीनं माझं एकही धोतर धड ठेवलं नाही. आतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, कापडाला लागलं की त्यावेळी काही दिसत नाही. धुतलं की भोक! आणि बॅटरी तर रोज उचलावी लागायची, कारण आमचा मेहबूब मिस्त्री म्हणायचा, "इसको रोज देखना पडता, घरातल्या म्हाताऱ्यावानी."

हा मेहबूब म्हणजे स्टँडवरचा एकुलता एक मिस्त्री. सगळ्यांच्या मोटारी त्याच्याच हाताखालून जायच्या. बोलायचा थोडं, पण जे बोलायचा ते आठ दिवस टोचायचं.

सासुरवाडीला लग्नाला गेलतो. एकदाच धुतलेलं नवीन धोतर म्हणून ऐटीत नेसलो आणि पंगतीत वाढायला उभा राहिलो. अर्ध्या पंगतीला बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. माझी बायको लांबून आली, मागून एक नजर टाकली आणि कानाशी म्हणाली, "बसा खाली. तुमचं धोतर न्हाई, चाळण झालीया."

जेवणं होईस्तोवर मी बसून होतो. लोकांनी मात्र नाव काढलं, जावई लई शांत हाय म्हणून.

*

वडवणीकडच्या एका पाटलांनी पोराच्या वरातीला मोटार ठरवली. अट एकच, "हारन थांबला न्हाई पायजे!" मी म्हटलं, पाटील, बॅटरी बसंल. पाटील म्हणाले, "बसू दे. नवरदेव बसलाय, ती बी बसंल."

सगळ्या गावातून हॉर्न वाजवत गेलो. पोरं, कुत्री, कोंबड्या सगळं पुढं पळत होतं. मुलीच्या दाराशी पोचलो तेव्हा हॉर्नचा आवाज आजारी म्हशीसारखा झाला होता. परत निघायला खटका दाबला तर 'टक्' सुद्धा नाही! वडवणीकडचा मुलूख सगळा सपाट, उतार कुठून आणायचा?

शेवटी पाटलांनी बैलजोडी मागवली आणि मोटारीला जुंपली. नवरा-नवरी आत, मी स्टेअरिंगला, पुढं बैल. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाटलांची छाती फुगलेली. ज्याला त्याला सांगत होते, "बगा, काय मोटार हाय! वड लागत न्हाई बैलाला, लई हलकी चालती!"

*

इतकं झाल्यावर अप्पांनी नवीन बॅटरी आणायचं मनावर घेतलं. बीडला मिळत नव्हती, निजामाची हद्द ओलांडून नगरला जावं लागणार होतं. मेहबूब म्हणाला, मी येतो, बॅटरी पारखून घ्यावी लागते. अप्पा म्हणाले, "मेहबूब, तुला मोटार कळती. मला माल कळतो. तू ऱ्हा."

नगरच्या दुकानात चार बॅटऱ्या मांडल्या होत्या. अप्पांनी एकेक उचलून वजन बघितलं. मडकं वाजवतात तशी बोटानं वाजवून बघितली. वाससुद्धा घेतला! मग दुकानदाराला विचारलं, "ह्यातली जुनी कोणची?"

दुकानदाराला वाटलं, चेष्टा करतायत. म्हणाला, "अहो, ही कालच आलीय. ताजी आहे, ही घ्या."

"ताजा माल ठिवा तुमच्यापाशी," अप्पा म्हणाले. "मी भुसारवाला हाय. तांदूळ जुना, चिंच जुनी, गूळ बी जुना. मुरलेला माल दावा."

मी मागून अप्पांचं धोतर ओढलं. म्हटलं, अप्पा, हे तांदूळ न्हाईत. अप्पांनी माझा हात झटकला. दुकानदारानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा अप्पांकडं, आणि माळ्यावरून धूळ खात पडलेली एक पेटी मोठ्या आनंदानं खाली उतरवली. तेजाब भरून, चार्ज करून दुसऱ्या दिवशी हातात दिली. वरून आम्हाला चहा पाजला. निरोप द्यायला तो रस्त्यापर्यंत आला, यातच समजा!

*

येताना हद्दीवर करोडगिरीचा नाका. निजामाच्या राज्यात येणाऱ्या मालावर तिथं जकात बसायची. नाक्यावरच्या मुन्शीजींनी पेटीवर काठी टेकवली. "इसमें क्या है?"

अप्पा म्हणाले, "बिजली."

मुन्शीजींनी मालाची यादी उघडली. कापड होतं, रॉकेल होतं, सुपारी होती. बिजली नव्हती. त्यांना वाटलं, आपल्याला बनवतायत. म्हणाले, "दिखाव."

मी एक तार घेतली आणि दोन्ही टोकांना टेकवली. चर्र करून ठिणगी उडाली! मुन्शीजी स्टुलासकट मागं गेले. पगडी एकीकडं, चष्मा एकीकडं. मला वाटलं, आता आत टाकतात. पण माणूस भला होता. उठले, पगडी झटकली आणि हसायलाच लागले. "बाप रे! ये तो सच्ची है!"

मग वहीत काय लिहावं म्हणून बराच वेळ टाक चावत बसले आणि शेवटी लिहिलं ते आम्हाला वाचून दाखवलं, "एक संदूक, आग समेत."

*

बीडला आल्यावर मेहबूबनं बॅटरी बघितली. उकिडवा बसला, धूळ फुंकली, झाकण उघडून आत डोकावला.

अप्पा म्हणाले, "कशी हाय? जुनी बगून आणलीया."

मेहबूब उठला, हात पुसले आणि म्हणाला, "अप्पा, भात लई मोकळा व्हईल."

*

दिवाळीला आणलेली बॅटरी संक्रांतीपर्यंत कशीबशी चालली. पासच्या दिवशी सकाळी मी मैदानात मोटार लावली. कडुनिंबाखाली साहेबांची खुर्ची-टेबल मांडलेलं. अप्पांनी भस्म लावलं, फळी उचलून बॅटरीला पट्टे ओढले, मी खटका दाबला.

टक्.

पुन्हा दाबला. तेही नाही.

या साहेबांची रीत सगळ्यांना ठाऊक होती. खटका दाबून मोटार चालू झाली पाहिजे, दिवे लागले पाहिजेत, हॉर्न वाजला पाहिजे. हँडल मारलं की नापास. आणि नंबर आमचाच पहिला!

अप्पा मोटारीच्या पायरीवर बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "नामदेवा, तराजूच खरा."

आमच्या शेजारी कासीमभाईंची मोटार उभी होती. त्यांचा रस्ताही चौसाळ्याचाच. पाशिंजरावरून त्यांची आणि अप्पांची रोज जुंपायची. वर्षभर दोघांनी एकत्र चहा घेतला नव्हता. आम्ही नापास झालो की सगळा रस्ता कासीमभाईंचा. त्यांना काही करायचीही गरज नव्हती, नुसतं उभं राहायचं होतं.

कासीमभाईंनी आमच्याकडं बघितलं, मेहबूबला हाक मारली आणि स्वतःच्या मोटारीतली फळी उचलली. "निकाल. इनकू लगा."

अप्पा चटकन उभे राहिले. "कासीमभाई, आन तुमचं?"

"मेरा नंबर दुसरा है," कासीमभाई म्हणाले. "तुमची मोटार गेली तर पालीच्या घाटात माझी बंद पडल्यावर वढणार कोण? तुमचे भाऊ?"

त्या माणसाचे उपकार मी कुठं फेडणार होतो? माझ्या पोराबाळांनी जे अन्न खाल्लं, त्यातला पहिला घास त्यांचा, असं मी घरात नेहमी सांगत आलो.

मेहबूबनं अशी चपळाई केली की बघत राहावं. कासीमभाईंची बॅटरी नवीकोरी. बरकतीसाठी त्यांनी तिच्यावर पांढऱ्या रंगानं ७८६ लिहून घेतलेलं. ती आमच्या फळीखाली बसली, तारा आवळल्या, तेवढ्यात साहेब आलेच.

मी खटका दाबला. मोटार अशी उठली की मीच दचकलो! दिवे लागले. हॉर्न वाजला. साहेबांनी फळी उचलायला लावली, आत वाकून बघितलं, अप्पांकडं बघितलं, पुन्हा आत बघितलं. कागदावर खूण केली आणि खुर्चीकडं गेले. चहा आला होता.

चहा संपायच्या आत मेहबूब आणि मी बॅटरी काढली, घोंगडीत गुंडाळली आणि मोटारींच्या मागून कासीमभाईंकडं नेली. मेहबूबनं तारा आवळल्या, मी फळी टाकली. अप्पा आणि कासीमभाई मोटारीपुढं खांद्याला खांदा लावून उभे, आडोसा म्हणून. वर्षभरात पहिल्यांदा!

साहेब आले. कासीमभाईंनी खटका दाबला. मोटार चालू. दिवे लागले. हॉर्न वाजला.

"फळी उचला," साहेब म्हणाले.

कासीमभाईंनी फळी उचलली. साहेब वाकले. त्यांच्या मागून मीही वाकलो. बॅटरीवर ७८६ होतं, आणि त्याच्या बरोबर शेजारी, ओल्या भस्माचे तीन पट्टे!

आमच्या फळीखाली ती बसली तेव्हा अप्पांची बोटं सवयीनं तिच्यावर फिरली होती. त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

साहेबांनी बॅटरीकडं बघितलं. मग अप्पांच्या कपाळाकडं बघितलं. मग कासीमभाईंच्या दाढीकडं. मेहबूब आभाळाकडं बघत होता.

साहेबांनी फळी स्वतःच्या हातानं खाली ठेवली. टेबलाशी गेले, दोन्ही कागदांवर सही केली, शिक्के मारले आणि एक कागद अप्पांच्या हातात, एक कासीमभाईंच्या हातात दिला. टोपी घातली, निघाले. चार पावलं गेल्यावर मागं वळले.

"अगले साल," साहेब म्हणाले, "दो लाना."