करंगळीतलं सूत

माग चालवणाऱ्याच्या पायात सूत अडकायचंच. मामांनी तीस वर्षं अनवाणी माग चालवला, आणि तीस वर्षं रोज संध्याकाळी त्यांची बायको त्यांचे पाय मांडीवर घेऊन सुईच्या टोकानं बोटांच्या बेचक्यातले धागे काढायची. "अहो, आजवर एक अख्खी चादर निघाली असती यातून," म्हणायची.

"मग विणायची की," मामा म्हणायचे.

ती गेली. मुलगी लांब सासरी, फोनवर "जेवलात का?"च्या पुढं दोघांचीही गाडी सरकत नसे.

अशात डाव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी, बोटाभोवती एक खाच पडली. सूत रुतलंय, मामांनी ठरवून टाकलं. बायको असती तर तेव्हाच निघालं असतं. चष्मा लावून, सुटलेलं पोट कसंबसं दुमडून, त्यांनी तिच्याच सुईनं टोकरलं. रक्त आलं, सूत काही आलं नाही. आज नाही तर उद्या निघेल म्हणून टोकरत राहिले. दोन वर्षांत खाच खोल गेली, खाचेच्या पुढचं टोक गोटीसारखं फुगलं आणि देठाला लोंबावं तसं हलू लागलं.

"मामा, बोट हरवू नये म्हणून दोरा बांधलाय का?" शेजारच्या मागावरच्यानं विचारलं. मामा हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून मोजे घालून आले. महारोग तर नसेल, ही धास्ती मनात घर करून बसली होती. पाण्याचा पेलाही त्यांनी आपणहून वेगळा केला. का वेगळा केला, हे कुणी विचारलं नाही.

पाय घोट्यापर्यंत सुजला, ताप चढला, तेव्हा कुठं दवाखाना गाठला.

"आत सूत आहे, तेवढं काढा. बोट राहू द्या," मामांनी आधीच सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी हाडाचा फोटो उजेडात धरला. "सूत नाहीये, मामा. आणि महारोगही नाही, घाबरू नका. तुमचीच कातडी पट्ट्यासारखी बोटाला आवळत गेलीय. क्वचितच कुणाला होतं. का होतं, ते आम्हालाही धड ठाऊक नाही. वेळेवर आला असता तर पट्टा कापून मोकळा केला असता. आता आतलं हाड झिजून गेलंय, त्यात सुईनं पू झालाय. बोट काढावंच लागेल. दुसऱ्या पायालाही होऊ शकतं हे. रोज पाय बघायला घरी कोण आहे?"

मामांनी छताकडं बघितलं. "आहे की," म्हणाले.

बोट गेलं. पट्टी बदलायला मामा रोज दवाखान्यात जाऊ लागले.

"एवढ्या लांब लंगडत कशाला येता?" सिस्टर म्हणाली. "घरी आहे ना कुणी?"

मामांनी डावा पाय पुढं सरकवला. तिनं पुन्हा विचारलं नाही. पट्टी बांधून ती उठणार, तोच मामांनी उजवी चप्पल काढून धड पाय तिच्यापुढं ठेवला.

"जरा बघता का? सूत असेल."

तिनं एकेक बोट फाकवून पाहिलं. मामा महिनाभर मागाकडं फिरकलेच नव्हते. सूत येणार कुठून?

"स्वच्छ आहे," ती म्हणाली.

"बरं, मग उद्या बघा," मामा म्हणाले. पाय मात्र त्यांनी मागं घेतला नाही.