विसरणारा सेट

हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना काढून, हौसेखातर, वायरलेसवर दुसऱ्या हौशी माणसांशी बोलणं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी या नादाला लागले. तेव्हा मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायचे. फाटकाजवळच्या फळ्यावर कोणीतरी हॅम रेडिओ क्लबच्या वर्गाची चिठ्ठी लावलेली. वायर रोज हातात असतेच, तर त्या वायरमधून पुढे काय जातं ते तरी बघू, म्हणून गेले.

वर्षभरात परीक्षा दिली, मोर्सच्या कडकट्ट तारभाषेसकट. परवान्याआधी पोलिसांची चौकशी होते. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत हवालदार आला तेव्हा अख्खी चाळ दारात उभी. बाबा रेल्वेत गँगमन. इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून बसले होते. हवालदाराने विचारलं, "मुलगी वायरलेस कशाला शिकतेय?"

"तिला येतं म्हणून," बाबा म्हणाले. हवालदाराने तेवढंच लिहून घेतलं की आणखी काही, मला माहीत नाही. परवाना मात्र आला.

क्लबकडे हातात धरायचे पाच जपानी सेट होते. चार बरे, एक विसराळू. मी सगळ्यात नवी, शिवाय वर्गातली एकटी मुलगी. विसराळू सेट माझ्या वाट्याला आला. आमचे सर ठाण्यात दातांचा दवाखाना चालवायचे, क्लबही तेच चालवायचे. सेट हातात देताना म्हणाले, "याच्यात जीव आहे, फक्त आठवण नाही. सांभाळून घे."

त्या सेटमध्ये आठवणीचे दहा कप्पे होते. एका कप्प्यात नुसता फ्रिक्वेन्सीचा आकडा भरून भागत नाही. डोंगरावर बसवलेला रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर तुमचं ऐकतो आणि तेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात पुन्हा बोलतो. म्हणजे तुमच्या सेटनेही बोलताना खाली सरकायचं आणि ऐकताना परत वर यायचं. हे सरकणं कप्प्यात भरायचं राहिलं तर तुम्हाला सगळे ऐकू येतात, तुम्ही कोणालाच ऐकू येत नाही. शिवाय पॉवर कमी की जास्त, तेही त्याच कप्प्यात. एकदा नीट भरलं की मग नुसतं कप्प्याचं बटण दाबायचं, सेट सगळं जागच्या जागी लावून मोकळा.

हे लक्षात ठेवायला सेटच्या पोटात नाण्याएवढा एक वेगळा सेल असतो. मोठी बॅटरी बोलण्या-ऐकण्यासाठी. ती काढून दुसरी लावेपर्यंत आठवण धरून ठेवायची, एवढंच त्या छोट्या सेलचं काम. माझ्या सेटचा तो सेल मेलेला. तसा सेल तेव्हा इकडे मिळायचा नाही. त्यामुळे बॅटरी चार्जिंगला काढली की दहाही कप्पे साफ. परत लावली की पडद्यावर एकच आकडा यायचा, १४५.०००. कारखान्यातून जन्माला येताना जो होता तोच.

पहिले काही दिवस रडू यायचं. इंग्रजी माहितीपुस्तिका मांडीवर घेऊन एकेक बटण शोधायचे. दहा कप्पे भरायला पाऊण तास. आई चुलीशी बसून बघायची. एकदा म्हणाली, "अगं, रोज तेच तेच सांगतेस त्याला, कंटाळा नाही येत?" मी म्हटलं, त्याला नाही येत, मला येतो. पण तीन-चार महिन्यांत पुस्तिका बंद झाली. कुठलं बटण कुठे, कुठलं दाबून धरायचं, कुठलं नुसतं टिचकीसारखं दाबायचं, ते बोटांना समजलं. पुढे मी डोळे मिटून दहा कप्पे पाच मिनिटांत भरायला लागले. क्लबात कोणालाच हे येत नव्हतं, कारण कोणावरच तशी वेळ आली नव्हती. हळूहळू सगळे आपापले सेट माझ्यासमोर ठेवायला लागले. "जरा भरून दे ना."

एक काका सोडून. हे डोंबिवलीचे, तारखात्यातून निवृत्त झालेले. आम्हाला मोर्स त्यांनीच शिकवलं. तार घेताना त्यांची मान जराही हलायची नाही, पेन्सिल फक्त चालायची. पुतण्याने आखातातून पाठवलेला त्यांचा स्वतःचा सेट होता, अगदी क्लबातल्या सेटसारखाच, त्याच कंपनीचा आणि तेवढाच जुना. कप्पे भरायला मात्र ते तयार नसायचे. रिपीटरही वापरायचे नाहीत, आकडा लावून थेट बोलायचे.

"मी सगळं डोक्यात ठेवतो," म्हणायचे. "यंत्राला सांगून ठेवलं की माणूस आळशी होतो."

मग सायकल शर्यतीचं काम आलं. ठाण्याला माजिवड्यापासून निघून भिवंडीवरून कल्याण, पुढे आंबिवलीला वळसा आणि परत. वाटेत ठिकठिकाणी आमचा एकेक माणूस सेट घेऊन उभा राहणार, कोणी पडलं-झडलं तर कळवणार. मोबाइल तेव्हा नव्हतेच. मुख्य ठाणं कल्याणला, एका पाच मजली इमारतीच्या गच्चीवर. तिथे सर आणि मदतीला मी. अँटेना एका लांब बांबूला बांधलेली. एक रुग्णवाहिका कल्याणच्या पुलाजवळ उभी. तिच्यात आमच्याच क्लबातले एक डॉक्टर, हातात सेट.

आदल्या संध्याकाळी सरांच्या दवाखान्यात मी सगळे सेट भरत बसले. काकांनीही शेवटी आपला सेट पुढे सरकवला. "सर सांगतायत म्हणून," म्हणाले. मी तीन कप्पे भरून दिले. त्यांनी खिशातून दुसरी बॅटरी काढून दाखवली. "आणि ही जादा. रात्रभर चार्ज करून आणणार आहे." मी मान डोलावली. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.

सकाळी सगळं सुरळीत सुरू झालं. काका आंबिवलीच्या वळणावर. "आंबिवली तयार," हा त्यांचा स्वच्छ आवाज आला. पहिले सायकलवाले कल्याण ओलांडून पुढे गेले. थोड्या वेळाने सरांनी हाक मारली, "आंबिवली, किती जण पोचले?"

उत्तर नाही. पुन्हा हाक, पुन्हा काही नाही. चार-पाच वेळा झालं.

"बॅटरी संपली असेल," माजिवड्याचा माणूस म्हणाला.

तो बॅटरी म्हणाला आणि मला काकांच्या खिशातली जादा बॅटरी आठवली. बॅटरी संपली असेल तर काकांनी दुसरी लावली असणार. आणि त्यांच्या सेटचा आतला सेल माझ्या सेटसारखाच मेला असेल तर? भरलेलं सगळं गेलं. काका बोलत असतील, पण नको त्या जागी. आणि ती जागा जगात फक्त एकच असू शकते.

"सर, अँटेना मला द्या दोन मिनिटं."

"शर्यत चालू आहे अगं, अँटेना कशी देऊ?"

"रिपीटर तुम्हाला सेटच्या छोट्या अँटेनावर पण मिळेल, सर. मला काका सापडतील. मला माहितीये ते कुठे आहेत."

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि केबल काढून हातात दिली. मी ती माझ्या सेटला लावली आणि १४५.००० दाबलं.

"…आंबिवलीहून बोलतोय. कोणी ऐकतंय का? आंबिवलीहून…"

खरखरीत, लांबून, पण काकाच. किती वेळ बोलत होते कोण जाणे.

"काका, मी ऐकतेय. कल्याण. बोला."

क्षणभर नुसती खरखर. मग, "अगं देवा! लिहून घे. एक मुलगा खडीवरून घसरून पडलाय, वळणाच्या अलीकडे. पाय मोडलाय, रक्त थांबत नाहीये. मी पंचा बांधलाय. गाडी पाठवा. फाटकात मालगाडी उभी आहे, स्टेशनच्या बाजूने येऊ नका म्हणावं, नदीकडच्या रस्त्याने या. संपलं."

मी शब्दन् शब्द सरांना सांगितला, सरांनी डॉक्टरांना. गाडी निघाली. पण दोन मिनिटांत डॉक्टर विचारायला लागले, मुलगा शुद्धीवर आहे का, पंचा कुठे बांधलाय, नदीकडून आल्यावर वळायचं कुठे. प्रत्येक प्रश्न डॉक्टरांकडून सरांकडे, सरांकडून माझ्याकडे, माझ्याकडून काकांकडे, आणि उत्तर तसंच उलट. काकांना रिपीटरवर आणायलाच हवं होतं.

अडचण एकच. मी एकेक बटण सांगायचं, त्यांनी दाबायचं आणि "झालं" म्हणायचं, असं चालणार नव्हतं. सरकण्याचं बटण दाबलं की त्यांचं बोलणं खाली सरकणार आणि मला ते ऐकू येणार नाही. अर्ध्यात चुकले तर माणूस हरवला.

"काका, कागद-पेन्सिल आहे?"

"हा काय प्रश्न आहे?"

"मी सगळं आधी सांगते. तुम्ही तार घेतल्यासारखं लिहून घ्या, मला वाचून दाखवा. मी हो म्हटल्यावरच हात लावा. आणि चुकलात तर बॅटरी काढून परत घाला, म्हणजे परत इथेच याल."

डोळे मिटले. बोटांनी हवेत बटणं दाबत सांगत गेले. डावीकडचं मोठं बटण दाबून धरा. धरूनच ठेवा. दुसऱ्या ओळीतलं मधलं एकदा दाबा, पडद्यावर उणे चिन्ह येईल. सोडा. मग आकडे. एकूण नऊ गोष्टी. मी थांबले आणि काकांनी त्या नऊच्या नऊ वाचून दाखवल्या, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मोठं कुठलं आणि मधलं कुठलं, कुठे धरायचं आणि कुठे सोडायचं, सगळं. त्या गडबडीत, शेजारी पोरगं विव्हळत असताना. तार घेणारा माणूस काय असतो ते मला त्या दिवशी कळलं.

"बरोबर," मी म्हटलं. "करा."

खरखर थांबली. मी अँटेना सरांना परत दिली. आम्ही दोघं त्यांच्या सेटकडे बघत उभे. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलवाल्यांसाठी टाळ्या वाजवत होतं.

"कल्याण, आंबिवली. कसं ऐकू येतंय?"

सरांनी माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की मी कठडा धरला. पुढचं काका आणि डॉक्टर थेट बोलले. गाडी न चुकता पोचली. मुलाच्या पायात सळई घालावी लागली, पण पाय वाचला. नंतर तो चालतो, एवढं आम्हाला कळलं.

पुढच्या रविवारी काका आमच्या चाळीत आले. पुतण्याकडून मागवून घ्यायचा सेल नक्की कुठला, ते सेट उघडून बघायला. आमच्याकडे टेबल नव्हतं. बाबांनी पाट पुढे ठेवला, मी त्यावर वर्तमानपत्र पसरून मागचे स्क्रू काढायला लागले. बाबा आणि काका चहा पीत बघत होते.

"ही कधी लिहून ठेवत नाही का, कुठला स्क्रू कुठे होता?" काकांनी बाबांना विचारलं.

"लहानपणापासून तशीच," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "त्या दिवशी काय झालं हो? ही नीट सांगत नाही."

काकांनी सगळं सांगितलं. खडी, पंचा, मालगाडी, नऊ बटणं. शेवटी म्हणाले, "छत्तीस वर्षं तारखात्यात होतो. पुष्कळ माणसांनी मला तारा सांगितल्या. इतकी सरळ कोणी सांगितली नाही."

 बाबांनी कप खाली ठेवला आणि ते उठून बाहेर गॅलरीत गेले. शेजारच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्याला ते तीच हकिकत पहिल्यापासून सांगायला लागले, तीही काकांपेक्षा मोठ्या आवाजात. आतून आई म्हणाली, "आता हे आंबिवलीपर्यंत ऐकू जाईल."

त्या दिवाळीनंतर क्लबाने डोंबिवलीत नवा वर्ग काढला. हातातल्या सेटचा भाग कोण शिकवणार, असं कोणी विचारलंच नाही. सरांनी वेळापत्रकावर माझं नाव लिहून टाकलं. शाळेच्या एका खोलीत बारा-तेरा जण. त्यात दोन इंजिनियर आणि एक निवृत्त फौजी. मी कारखान्यातून थेट गेलेले, हातांना वॉर्निशचा वास. पहिल्या बाकावर काका बसलेले, समोर वही उघडून, पेन्सिलीला टोक काढून.

"काका, तुम्ही शिकवायला आलात ना?" मी हळूच विचारलं.

"माझा तास पुढचा," ते म्हणाले. "हा तुमचा आहे, बाई. सुरू करा."

मी खडू उचलला.