टास्मानियाचा द्राक्षवाला आणि आई

टास्मानियाचा तो वाइनवाला बुओना व्हिस्टाच्या एका छोट्या दुकानात वाइन चाखवायला येणार, असं कळलं तेव्हा आई गावाहून माझ्याकडे परदेशात, पुंगोलला आलेली होती. थंड मुलखातल्या त्याच्या बागेची वाइन मी चार वर्षं पितेय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि वाइन पिणारीही पहिलीच. पहिली गोष्ट आई गावभर सांगते. दुसरी तिला माहीत नव्हती. ती आल्यापासून बाटल्या कपाटात साड्यांच्या मागे होत्या.

"कुठं निघालीस?"

"एका द्राक्षबागायतदाराला भेटायला." खोटं नव्हतं.

"मग मी पण येते की! खिडकीतनं पाणी किती बघायचं?"

आता हिला नाही कसं म्हणणार? निफाडकडे लोकांच्या द्राक्षबागांत तीस वर्षं राबली ही बाई, म्हणून मी इंजिनिअर झाले.

दुकानात मांडलेले ग्लास तिनं पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

वाइनवाला दांडगा माणूस, बोटं भेगाळलेली. आम्हा आठ जणांना ओतता ओतता त्यानं मोबाइलवर हिवाळ्यातल्या बागेचा फोटो दाखवला. काळे खुंट, गवतावर पांढरं दव गोठलेलं.

"अगं बाई, जळली की याची बाग!"

मी त्याला सांगितलं. तो हसला. "झोपलीय. वसंतात उठेल आपोआप."

"आपोआप?" आईला पटेना. "विचार त्याला, ऑक्टोबरची छाटणी कधी करतो?"

त्याला प्रश्नच कळेना. तो तर वर्षातून एकदाच छाटतो. मग मी समजावलं, की आमच्याकडे वेल झोपेल एवढी थंडीच नसते. म्हणून दोनदा छाटतात, आणि ऑक्टोबरात काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या गाठींना, पेस्ट लावून त्यांना उठवतात. तीस वर्षं आईनं तेच केलं.

"एकेका डोळ्याला? हातानं?"

त्यानं बाटली खाली ठेवली. खिशातलं पेन आईच्या हातात दिलं. आईनं वाइनच्या यादीमागे काडी काढली, डोळे काढले, कात्री कुठं लावायची ते दाखवलं. तो कागदावर वाकून बघत होता, थांबवून पुन्हा विचारत होता. बाकीचे रिकामे ग्लास धरून ताटकळले. ज्याची बाटली मी सणासारखी उघडते, तो माणूस माझ्या आईकडे शिकत होता! मी इतकी शिकले, पण यातलं एक अक्षर तिला कधी विचारलं नव्हतं.

शेवटी त्यानं तिच्यापुढे ग्लास ठेवला. तिनं उचलून वास घेतला, बराच वेळ. मग ग्लास माझ्याकडे सरकवला.

"तू पितेस ना ही?"

"हो."

"कधीपास्नं?"

"चार वर्षं झाली."

मला वाटलं, आता सगळ्यांसमोर खरडपट्टी निघणार माझी.

"चार वर्षं पितेस, आणि हा काडीवर डोळे किती ठेवतो ते ठाऊक नाही तुला? विचार त्याला."

मी विचारलं.